चिकटपट्टीचे तीन वेढे

मित्रांनो, जुने तर मी आहेच. पण बिचारे नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की ऐकणारे लगेच चेहरा पाडून बसतात. तसे करू नका. मी दोन टप्प्यांचे रॉकेट आहे. पुठ्ठ्याची लांब नळी, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे आठ पंख, प्लॅस्टिकचे टोकदार नाक आणि पोटात घडी घातलेले पॅराशूट, एवढाच माझा संसार. माझ्या कमरेला भाजल्याचा एक काळा पट्टा आहे. तो रंगाने झाकून टाकावा, असे आजवर पुष्कळांनी सुचवले. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी म्हटले असते, हात लावाल तर खबरदार! तो पट्टा मी कमावलेला आहे. तो कसा, तेच आज सांगते.

माझा जन्म एकदम झाला नाही. कारखान्यात एका यंत्रावर माझी नळी गुंडाळली गेली, दुसऱ्यावर पंख कापले गेले, तिसऱ्यातून नाक बाहेर पडले. मग आम्हा सगळ्यांना एका खोक्यात कोंबले. खोक्यावर माझे मोठे झोकदार चित्र होते. त्यात मी ढगांच्याही वर होते. आत मात्र मी सुट्या तुकड्यांत पडले होते, आणि माझे मलाच कळत नव्हते की मी कुठे सुरू होते आणि कुठे संपते.

खेळण्यांच्या दुकानात सगळ्यांत वरच्या फळीवर मी दोन वर्षे काढली. मुले माझ्याकडे बोट दाखवत. मग त्यांची मोठी माणसे खोक्यामागची बारीक अक्षरे वाचत आणि मुलाचा हात धरून त्याला चेंडूंकडे घेऊन जात. "जाळबीळ आहे त्यात. नको ते झंझट!" दुकानदार दर आठवड्याला माझ्यावरची धूळ झटकायचा, पण मला खाली घ्यायचा नाही. उंचीची मला हौस होती, पण फळीच्या उंचीची नव्हती.

शेवटी एका माणसाने मला खाली घेतले. तो फ्रिज दुरुस्त करायचा. त्याच्या नखांत काळे तेल होते आणि खिशात पेचकस. त्याने खोक्यामागची अक्षरे पूर्ण वाचली आणि वाचून तो हसला. त्याच्या भाचीला अकरा वर्षे पूर्ण होत होती. घड्याळ, टॉर्च, इस्त्री, हाती लागेल ते उघडून बघायची तिला सवय, म्हणून तो तिला 'खटपटी' म्हणायचा. घरातही तेच नाव पडले होते.

"हे काय आणलंस?" खटपटीच्या आईने दारातच विचारले.

"रॉकेट."

"ते दिसतंय मला. उडतं का खरंच?"

"आता रॉकेट आहे म्हटल्यावर उडणारच ना, ताई."

"अरे, मी तुला रंगपेटी आण म्हणाले होते!"

"याला रंगही द्यायचाय. म्हणजे बघ, दोन्ही कामं झाली."

आई हसली नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी जहाजावर होती. वर्षातले आठ महिने तो समुद्रावर आणि ती एकटी या मुलीची राखणदार. मागच्याच वर्षी खटपटी सायकलवरून पडून तिचा हात मोडला होता. तेव्हापासून आईचे डोळे सतत तिच्या मागे मागे फिरत. स्वयंपाकघरात पाणी सांडले तर आई आधी फरशी पुसायची आणि मग ग्लास कुणी पाडला ते विचारायची.

आई पार्सल कचेरीत काम करायची. लोक सामान आणून टाकत आणि ती खोकी बांधून देई. तिचा हात असा होता की तिने बंद केलेले पार्सल आजवर वाटेत कधी उघडले नव्हते. तिला त्याचा अभिमान होता. तिच्या पर्समध्ये चाव्या नसतील एक वेळ, पण चिकटपट्टीचे रीळ असायचेच.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरले गेले आणि माझी बांधणी सुरू झाली. ती तीन आठवडे चालली. आईने सूचनांचा कागद पेन्सिल घेऊन वाचला आणि जिथे जिथे 'सावधान' असा शब्द होता तिथे तिथे रेघ मारली. कागद जवळजवळ काळा झाला. खटपटीने तोच कागद पुन्हा वाचला आणि जिथे 'कसे' लिहिले होते तिथे बोट ठेवले. घरात दोन वाचक होते आणि दोघी वेगळेच पुस्तक वाचत होत्या.

"डोळ्यांवर तो चष्मा लाव," आई म्हणायची.

"आई, पॉलिशपेपरने घासतेय फक्त."

"कण उडतात."

"तू भाजी चिरताना लावतेस का?"

"भाजी उडत नाही."

"कांदा उडतो की डोळ्यात. रोज रडतेस."

तरी चष्मा मात्र खटपटीला लावावा लागला.

तिने माझे पंख घासून गुळगुळीत केले. दाराच्या चौकटीला माझी नळी टेकवून सरळ रेघा ओढल्या. प्रत्येक पंख चिकटवल्यावर तो सुकेपर्यंत ती हनुवटी टेबलावर टेकवून बसे आणि एक डोळा मिटून तो वाकडा तर नाही ना ते बघे. चार पंख वरच्या टप्प्याला, चार खालच्या. एक वाकडा झाला तर तिने तो काढला आणि पुन्हा लावला. कुणी सांगितले नव्हते. मित्रांनो, मला पुष्कळ लोकांनी हातात धरले आहे, पण माझी चूक शोधायला इतक्या मायेने कुणी बघितले नाही.

मग मामाने माझ्या पोटाला दोरा बांधला आणि खटपटीने मला गच्चीवर स्वतःभोवती गरगर फिरवले. नाक पुढे ठेवून फिरले तर रॉकेट आकाशात सरळ जाते, अशी ती परीक्षा. मी नाक पुढे ठेवले. मला चक्कर आली, पण मी ते कुणाला कळू दिले नाही.

आता माझ्या कमरेबद्दल सांगायला हवे, कारण सगळे रामायण तिथेच घडले.

माझे दोन भाग आहेत. दोघांच्या पोटात एकेक तयार इंजिन बसते. आधी खालचे पेटते आणि मला जमिनीवरून उचलते. ते संपत आले की त्याची आग वरच्या बाजूने फुटून वरच्या इंजिनात शिरते. वरचे पेटले की ते खालच्या रिकाम्या भागाला मागे ढकलून देते आणि एकटे वर निघून जाते. खालचा भाग कोलांट्या खात गवतात पडतो. म्हणून दोघांमधला सांधा सैल हवा. नाकाला धरून मला उचलले की खालचा भाग आपल्या वजनाने अलगद सुटून आला पाहिजे. आतल्या दोन इंजिनांना पातळ चिकटपट्टीचा एकच वेढा द्यायचा असतो. तो आगीने लगेच तुटतो. बाहेरून काही म्हणजे काही लावायचे नसते.

खटपटीने तो सांधा सलग दोन दिवस घासला. थोडे घासायची, बसवून बघायची, पुन्हा घासायची. शेवटी खालचा भाग लोण्यासारखा निसटू लागला.

"अगं, हे तर सुटतंय!" आई म्हणाली.

"सुटायलाच हवं, आई. तीच तर गंमत आहे."

आणि तिने आईला सगळे समजावून सांगितले. आई "हो का, हो का" म्हणत राहिली. पण मी आईसमोरच टेबलावर होते, मित्रांनो. आई ऐकत नव्हती. टेबलावर एक ब्लेड पडले होते आणि आई त्या ब्लेडकडे आणि मुलीच्या बोटांकडे आळीपाळीने बघत होती.

उड्डाणाचा दिवस उजाडला. शहराबाहेर बंद पडलेला विटांचा कारखाना होता. त्याच्या मागचे मोकळे मैदान मामाने राखणदाराला विचारून मिळवले होते. मामाच्या गाडीत फ्रिजचे सुटे भाग, दोन बादल्या पाणी, ओले पोते, मलमपट्टीचा डबा आणि तीन चष्मे होते. मला आईने मांडीवर घेतले होते.

"ताई, लढाईला निघालोय का आपण?"

"तू गाडी बघून चालव."

मैदानात पोचल्यावर मामा आणि खटपटी सळई रोवायला पुढे गेले. त्या उभ्या सळईच्या आधाराने मी सुटणार होते. इंजिने आत बसवून झाली होती, आतला एक वेढा खटपटीने स्वतः दिला होता. आई गाडीत माझ्याबरोबर एकटी राहिली. तिने मला हलवून पाहिले. माझा खालचा भाग डुगडुगला. तिने पुन्हा हलवले. तो पुन्हा डुगडुगला.

तिने दूर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिले. मग पर्स उघडली.

मला ओरडता आले असते तर मी आकाशपाताळ एक केले असते. रुंद, पारदर्शक, पार्सलची चिकटपट्टी! एक वेढा. दुसरा. तिसरा. तिने टोक दातांनी तोडले, नखाने दाबून बुडबुडे काढले, अगदी कचेरीत काढते तसे. माझ्या लाल रंगावर ती पट्टी दिसतही नव्हती. "नीट जा हो," ती मला म्हणाली. तिच्या आवाजात माया होती. हे मी आज नाकारणार नाही. पण तेव्हा माझा जीव नुसता तडफडत होता.

"तीन... दोन... एक!"

खटपटीने दहा पावलांवरून तारेच्या टोकाचे बटण दाबले. मी सळई सोडली. मित्रांनो, तो पहिला क्षण मी कशाच्याही बदल्यात देणार नाही! जमीन खाली पडत गेली. गवत, गाडी, माणसे, सगळे ठिपके. मग कमरेपाशी धग आली. वरचे इंजिन पेटले आणि खालचा भाग सुटेना. आग बाहेर पडायला वाट शोधू लागली. माझी कमर भाजली, पट्टी वितळली, खालचा भाग एका बाजूने लोंबकळू लागला आणि मी आकाशात वेड्यासारखे गोल गोल फिरू लागले. फिरत फिरतच मी मैदानाच्या टोकाला झुडपात आपटले. पॅराशूट उघडले, तेव्हा मी जमिनीवर होते.

आईने खटपटीला कधीच पोटाशी ओढून घेतले होते. कुणाला काही झाले नाही. मग आई पळत सुटली आणि सगळ्यांच्या आधी माझ्यापाशी पोचली. तिने झुडपात हात घातला, काटे लागले तरी घातला, आणि माझ्या कमरेवरची वितळलेली पट्टी ओरबाडून काढली. मुठीत धरली. मूठ पर्समध्ये गेली आणि रिकामी बाहेर आली.

खटपटी आणि मामा धापा टाकत आले. खटपटीने मला उचलले. माझी काळी कमर बोटाने चाचपली.

"सांधा अडकला," ती म्हणाली. "मी नीट घासला नव्हता. माझं चुकलं."

"अगं, होतं असं," मामा म्हणाला. "माझे तर अर्धे फ्रिज पहिल्या दिवशी चालू होत नाहीत."

खटपटी हसली नाही. तिने आईकडे पाहिले.

आणि आई म्हणाली, "जाऊ दे बाळा. एकदा उडवून झालं ना? पुरे."

बस, एवढेच. तो काळा पट्टा मला आगीने दिला असेल, पण खरा चटका मला या वाक्याने बसला.

मला स्वयंपाकघरातल्या कपाटावर ठेवण्यात आले. खालच्या भागाचे दोन पंख मोडले होते. खोके माझ्या शेजारीच होते, त्यावर मी अजून ढगांच्या वर होते. चार महिने मी तिथे धूळ खात पडून राहिले. मला आठवण कुणाची येत होती म्हणता? आकाशाची. आणि राग कशाचा येत होता? मला साक्ष देता येत नव्हती याचा! त्या मुलीचा सांधा बिनचूक होता. त्याहून चांगला सांधा कुणी घासून दाखवावा. आणि ती खाली टेबलाशी बसून स्वतःला दोष देत होती.

कपाटावरून मला सगळे दिसत असे. आधी तिचा पेचकस खणात गेला. मग खण उघडणे बंद झाले. मग ती आईला विचारू लागली. "आई, दप्तर नीट भरलंय का बघ ना." "आई, हे उत्तर बरोबर आहे का? नक्की?" "आई, मी दार लावलं ना? तू बघ एकदा." वर्गशिक्षिकेने वहीत लिहून पाठवले, 'उत्तर बरोबर लिहिते आणि खोडते.' आई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसली.

आईला मी वाईट ठरवणार नाही. मुलगी घरात होती, हातपाय धड होते, ब्लेडला हात लावत नव्हती. आईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत झोप लागत होती. पण आईचे डोळे तीक्ष्ण होते. आपण नको नको म्हणताना आपला चेहरा कसा होतो ते तिला ठाऊक होते, आणि आता तोच चेहरा अकरा वर्षांच्या मुलीवर आला होता.

एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातले घड्याळ बंद पडले. आईने ते भिंतीवरून काढले आणि सवयीने खटपटीपुढे धरले.

"बघ गं जरा. सेल कालच घातलाय."

खटपटीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको. मामाला बोलाव."

"अगं, तूच तर नेहमी उघडतेस."

"मी उघडलं की बिघडतं, आई. तू बघितलंस ना?"

आई घड्याळ हातात घेऊन उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, घड्याळ बंद होते. मग तिने ते ओट्यावर ठेवले, स्टूल आणले, त्यावर चढली आणि मला खाली काढले. धूळही पुसली नाही. मला टेबलावर ठेवून तिने पर्स उलटी केली. चाव्या, रुमाल, रीळ, आणि त्यात एक काळपट, वितळून गोळा झालेली चिकटपट्टी. इतके दिवस तिने ती टाकून दिली नव्हती.

"तुझा सांधा अडकला नव्हता," आई म्हणाली. "मी बाहेरून चिकटपट्टी लावली होती. तीन वेढे."

खटपटीने तो गोळा बोटाने उलटवून पाहिला.

"कधी?"

"तुम्ही सळई रोवत होतात तेव्हा. गाडीत."

"पण का?"

"हलत होतं गं ते. मला वाटलं, वर गेल्यावर सुटलं आणि तुझ्या डोक्यात पडलं तर?"

"सुटायलाच हवं होतं! मी सांगितलं होतं तुला!"

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. माझं सगळं लक्ष त्या ब्लेडकडे."

"आणि नंतर?" खटपटीचा आवाज चढला. "चार महिने मी म्हणतेय माझं चुकलं, माझं चुकलं. तू शेजारी बसून ऐकत होतीस?"

"हो."

"का नाही सांगितलंस?"

आईने खोटे सांगितले असते तर मला आश्चर्य वाटले नसते. पण ती म्हणाली, "तू घरात बसायला लागलीस. मला बरं वाटत होतं."

तुम्हाला वाटेल, आता दोघी गळ्यात गळा घालून रडल्या असतील. नाही. खटपटीने मला उचलले, आपल्या खोलीत नेले आणि दार धाडकन लावले. मला तो आवाज फार आवडला. चार महिन्यांत त्या मुलीने केलेला तो पहिला मोठा आवाज होता.

दोन दिवस ती आईशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आई कचेरीतून आली तर स्वयंपाकघरातले घड्याळ चालू होते आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेले होते.

"आई, पॉलिशपेपर संपलाय," खटपटी मान वर न करता म्हणाली.

आई चपला न काढता तशीच परत दुकानात गेली.

खटपटीने माझ्या खालच्या भागाला नवे पंख केले. माझा जळका काठ घासून पुन्हा गोल केला. मामा म्हणाला, "काळा पट्टा रंगवून टाकू या." ती म्हणाली, "राहू दे. तिथे कुठपर्यंत आग येते ते कळतं." ऐकलेत ना? ज्याला सगळे माझा डाग म्हणतात, त्याला तिने मोजमाप म्हटले.

दुसऱ्या उड्डाणाला तेच मैदान, त्याच बादल्या, तेच ओले पोते. मामाने गाडीतून उतरताच हात पुढे केला.

"ताई, पर्स."

"कशाला?"

"जप्त. गाडीत राहील. किल्ली माझ्याकडे."

"इतकं काही नको हं," आई म्हणाली, पण तिने पर्स दिली. मग परत घेतली, उघडली, चिकटपट्टीचे रीळ काढून खटपटीच्या हातात ठेवले. "तुला आत एक वेढा द्यायचा असतो ना? एकच."

खटपटीने आत एक वेढा दिला. इंजिने बसवली, माझे दोन्ही भाग जोडले. मग तिने मला आईपुढे धरले.

"तपास."

"मी?"

"नाकाला धरून उचल. दुसरा हात खाली धर. तो आपोआप हातात आला पाहिजे. नाही आला तर उडवायचं नाही."

आईने मला नाकाला धरले. दुसरा हात खाली धरला. पार्सल घट्ट बांधण्यात जिने सगळी वर्षे घालवली, तिला आज सुटते आहे की नाही ते बघायचे होते. ती मला हलवत नव्हती. माझ्या कमरेखाली हळूच एक फट पडली, रुंद झाली, आणि खालचा भाग तिच्या तळहातावर येऊन बसला.

"सुटला," आई म्हणाली.

"मग बरोबर आहे."

"अजून एकदा बघू?"

"आई!"

"बरं, बरं."

तीन, दोन, एक. या वेळी मी सळई सोडली तेव्हा मला भीती नव्हती, नुसती घाई होती. खालचे इंजिन मला ढकलत होते. कमरेशी धग आली, काळ्या पट्ट्याइतकी, त्याच्या एक केसही वर नाही. फट्! आणि माझ्या पाठीवरचे ओझे गेले. खालचा भाग कोलांट्या खात मागे राहिला आणि मी, मित्रांनो, मी अशी काही उसळी मारली की खोक्यावरच्या त्या चित्राला लाज वाटावी. विटांच्या कारखान्याची चिमणी माझ्या खाली गेली. पलीकडचा रस्ता दिसला, रस्त्यापलीकडचे तळे दिसले. आग संपली तरी मी वर जात होते. मग सगळे अगदी शांत झाले. मी थांबले, नाक वळवले, पोटातून पॅराशूट बाहेर पडले आणि वाऱ्याने मला अलगद झेलले.

खाली तीन ठिपके पळत होते. त्यातला एक दोघांच्या पुढे होता आणि यावेळी तो छोटा होता. मोठ्या ठिपक्यांपैकी एक मध्येच थांबला. नंतर मामाकडून कळले की आई मुद्दाम थांबली होती. तिने स्वतःचाच पदर दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता.

मी गवतात उतरले. जमीन कडक होती. एका पंखात टचकन भेग गेली. खटपटीने मला उचलले, वळवले, एक डोळा मिटला.

"काय झालं? मोडलं?" आई धापा टाकत विचारत आली.

"पंख. हा मी घाईत चिकटवला होता, डिंक कमी पडला. माझं चुकलं," खटपटी म्हणाली, आणि आनंदाने ओरडली, "पण आई, सुटला! बघितलंस ना, कसला सुटला!"

तेच शब्द होते. पण या वेळी ते म्हणताना तिने हात पाठीमागे नेले नाहीत. तिने खिशातून पेन्सिल काढली आणि भेगेपाशी खूण केली.

त्यानंतर मी एकोणीस वेळा उडाले. दोनदा तळ्याकाठच्या चिखलात पडले. एकदा राखणदाराच्या छपरावर अडकले, तर आईनेच शिडी धरली आणि खटपटी वर चढली. आई खालून "सांभाळ, सांभाळ" म्हणत होती, आजही म्हणते. पण शिडी तिने सोडली नाही आणि मुलीला खालीही ओढले नाही. आता माझी नळी मऊ पडली आहे, नाकाला ओरखडे आहेत, आणि माझ्या आठ पंखांपैकी मूळचे फक्त तीन उरले आहेत.

म्हणून माझी विनंती ऐका. विनंती कसली, हट्टच समजा. तुमच्या घरात असे काही असेल, जे उडायला, पळायला, वाजायला बनवले आहे, तर त्याला धूळ पुसून कपाटावर ठेवू नका आणि त्याला काळजी म्हणू नका. काळजी घ्यायचीच तर अशी घ्या: भेगा बघा, झिजलेली दोरी बदला, वारा तपासा, सोबत मोठे माणूस घ्या, चष्मा लावा, दहा पावले मागे सरका. आणि मग बटण दाबा. आणि तुमच्या हातून काही बिघडले असेल तर लगेच बोला. मी चार महिने एका गप्प घरात राहून पाहिले आहे. त्यापेक्षा आग परवडली.

गेल्या आठवड्यात मामाने जुन्या फ्रिजच्या काचेच्या फळ्यांपासून एक सुंदर कपाट बनवून आणले. म्हणाला, "आता याचं वय झालं. शोभेला ठेवू या." त्याने मला उभे आत घालून पाहिले, आडवे घालून पाहिले, तिरके घालून पाहिले. दार लागेना. माझे पंख आडवे येत होते. मामा म्हणाला, "दोन पंख काढले तर मावेल."

आई आणि खटपटी दोघी एकदम म्हणाल्या, "कपाट मोठं कर."

मामा अजून माप घेतो आहे. रविवारी वारा कमी असेल, असे खटपटी म्हणते. मी पंख आक्रसणार नाही.